मोदकच्या टाकीतलं पाणी शांत करू या

लेस्टर,
रविवार

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. सानिका रडकुंडीला आली आहे हे वाचून राहवलं नाही, लगेच लिहायला बसलो. तिला आधी एवढं सांग की तिच्या मोदकचं, म्हणजे तुमच्या अ‍ॅक्सोलॉटलचं (पाण्यातच राहणारा, कल्ल्यांचा उभयचर), दुखणं बहुधा फिल्टरमधून येणाऱ्या पाण्याच्या जोराचं आहे, आणि ते घरच्या घरी दूर करता येतं.

फोटो मोठा करून नीट पाहिला. कल्ल्यांचे सहाही तुरे तोंडाच्या बाजूला वळलेत, शेपटीचं टोक आकड्यासारखं मुडपलंय. स्वस्थ असलेल्या अ‍ॅक्सोलॉटलचे तुरे मागे सैल पडलेले असतात आणि मधूनच एक हलका झटका देऊन तो ते हलवतो. दुसरं म्हणजे त्याने धरलेला कोपरा. फिल्टरचं पाणी टाकीत सोडणाऱ्या नळीच्या तोंडापासून सगळ्यात लांबचा कोपरा तोच आहे. गांडूळ समोर टाकलं तरी खात नाही असं तू लिहिलंयस, त्याचाही संबंध इथेच असावा. त्याची नजर अधू असते. वासावर आणि पाण्यातल्या बारीक हालचालीवर तो भक्ष्य ओळखतो, मग एकदम जबडा उघडून पाण्यासकट आत ओढून घेतो. वाहत्या पाण्यात वासही पांगतो आणि गांडूळही.

हा प्राणी मुळात मेक्सिको सिटीच्या दक्षिणेकडच्या सोचिमिल्कोचा. तिथे चिनांपा म्हणतात त्या, तळ्यात भर घालून केलेल्या शेतांच्या मधून कालवे जातात. पाणी संथ, तळाला चिखल आणि कुजलेला पाला. अशा ठिकाणी तळाशी निवांत बसून राहायचं, हीच त्याची रीत. प्रयोगशाळांतून वाढलेल्या वंशाचा बराचसा उगम १८६० च्या दशकात पॅरिसला नेलेल्या ३४ प्राण्यांपर्यंत जातो, म्हणजे काचेच्या टाकीत राहून त्यांना दीडशेहून जास्त वर्षं झाली. तरी शरीर अजून त्या संथ कालव्याचंच आहे. मूळ जागी तर तो आता नामशेष होण्याच्या काठावर आहे. म्हणून जे आपल्या घरात आहेत त्यांना निदान पाणी तरी त्यांच्या मानवण्याचं मिळावं, असं मला फार मनापासून वाटतं.

आता महत्त्वाचं. रात्री फिल्टर बंद ठेवायचा विचार डोक्यातून काढून टाक. कॅनिस्टरमधल्या, म्हणजे फिल्टरच्या बंद डब्यातल्या, स्पंजावर आणि खड्यांवर जे जिवाणू बसलेले असतात, तेच मोदकच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना सतत प्राणवायूचं पाणी लागतं. बंद डब्यात काही तासांतच प्राणवायू संपतो, जिवाणू मरायला लागतात आणि सकाळी बटण दाबलं की ते नासकं पाणी थेट मोदकच्या अंगावर. जोर कमी करायचा तो फक्त नळीच्या तोंडाशी. पाणी गाळायचं काम चोवीस तास चालूच राहिलं पाहिजे.

तुझ्या फिल्टरवर तासाला १००० लिटर लिहिलंय आणि टाकीत पाणी १४० लिटरच्या आसपास. एवढं पाणी फिरलं म्हणून बिघडत नाही, ते किती अरुंद वाटेनं बाहेर पडतंय ते बघ. नळीचं आतलं तोंड १२ मिमी असेल तर त्याचं क्षेत्रफळ साधारण ११३ चौरस मिमी. तुझ्या स्प्रे बारला, म्हणजे नळीच्या टोकाला लावलेल्या भोकांच्या दांडीला, फोटोत दहा भोकं मोजली, ती ३ मिमीची धरली तर सगळी मिळून साधारण ७१ चौरस मिमी. म्हणजे पाणी उघड्या नळीपेक्षाही जास्त वेगाने सुटतंय! बागेतल्या पाइपाच्या तोंडावर अंगठा धरावा, तसं झालंय ते. हीच भोकं ड्रिलने ५ मिमीची केलीस की क्षेत्रफळ १९६ च्या घरात जातं आणि वेग जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. बार बाहेर काढूनच भोकं पाड, कडा पॉलिश पेपरने घास आणि प्लॅस्टिकचा एकही कीस आत राहणार नाही असा धू. मोदक तळाशी दिसेल ते गिळतो.

मग बार लावायची जागा बदल. आत्ता तो आखूड बाजूला आहे आणि पाणी टाकीच्या लांबीभर सरळ धावतंय. तो मागच्या लांब काचेवर आडवा बसव आणि भोकं त्या काचेकडेच किंचित वर तोंड करून ठेव. पाणी काचेवर आपटून पसरेल, पृष्ठभाग नुसता थरथरेल. ती थरथर मात्र हवीच, प्राणवायू तिथूनच मिसळतो. एवढ्यानेही भागलं नाही तर कॅनिस्टरची तोटी थोडी आवळ, पण टाकीत पाणी परत येतं त्या बाजूची. पाणी ओढणाऱ्या बाजूची आवळलीस तर मोटरवर ताण येतो. ओढणाऱ्या नळीच्या तोंडावर जाडसर स्पंज चढव, तिथे कल्ले आणि बोटं ओढली जातात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, नळाखाली नाही. क्लोरीनने जिवाणू मरतात.

जावा फर्न किंवा अनुबियास ओंडक्याला बांधून ठेवलेस तर त्यांच्यामागे त्याला आडोसा मिळेल. दोन्ही वनस्पती थंड पाण्यात आणि कमी उजेडात तग धरतात.

सगळं झालं की सानिकाला हे काम दे. चॉपस्टिकच्या टोकाला वीतभर पांढरा सुती दोरा बांधायचा आणि टाकीत सावकाश फिरवायचा, वर, मधे, तळाशी, प्रत्येक कोपऱ्यात. दोरा जिथे आडवा होतो तिथे जोर अजून आहे, जिथे सरळ खाली लोंबतो तिथे मोदक सुखाने बसेल. तळाचा बहुतेक भाग असा शांत मिळाला पाहिजे. तिला कागदावर टाकीचा नकाशा काढून खुणा करू दे.

एक-दोन दिवसांत तुरे मागे जायला हवेत. नाही गेले तर दोष जोराचाच आहे असं धरून बसू नकोस. अमोनिया वाढला, नायट्राइट वाढलं किंवा पाणी तापलं तरी तुरे असेच पुढे येतात. पहिली दोन्ही शून्य हवीत आणि तापमान १६ ते १८ अंशांत. एडिनबराच्या हवेत ते बहुतेक आपोआप सांभाळलं जातं, पण टाकी खिडकीच्या उन्हात नाही ना, ते बघ. तरीही खाल्लं नाही तर उभयचरांची माहिती असलेल्या पशुवैद्याला दाखव, वाट बघत बसू नकोस.

अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि तापमान असे चार आकडे मला उद्या संध्याकाळपर्यंत कळव. ड्रिल करायच्या आधी बारचा जवळून एक फोटो पाठव, भोकं खरंच ३ मिमीची आहेत का ते पाहून घेऊ. वहिनींना आणि काकूंना नमस्कार, सानिकाला खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
सुहास