पाळीवरच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमची नात हे पत्र तुम्हाला वाचून दाखवेल, या भरवशावर लिहितोय. गेल्या श्रावणात साकोलीकडच्या त्या मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तुम्ही भेटलात. त्या दिवशी तुमचे आभार मानायचे राहूनच गेले.

हिमाचलात तीर्थन खोऱ्यातल्या एका छोट्या तळ्यावर मी फ्लाय रॉडने, म्हणजे खोट्या माशीच्या गळाने, ट्राउट मासा धरायला शिकलो होतो. ट्राउटला थंड पाणी लागतं, आपल्या भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात तो जगायचा नाही. म्हणून तोच रॉड घेऊन मी मरळीच्या मागे लागलो. गळाला दोऱ्याने पिसं बांधली की झाली माशी. तिला वजन नसतं, वजन असतं ते दोरीला. त्यामुळे दोरी मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे फेकायची. मी घाई केली, माशी मागच्या बेशरमाच्या झुडपात अडकली. हाताने ओढायला गेलो तर फांदी सुटली आणि गळ थेट अंगठ्यात रुतला, उलट्या काट्यासकट.

रोवणी आटोपून बाया घरी निघाल्या होत्या. तुम्ही जाळं खाली ठेवून आलात. गळाच्या बाकाला तंगूसाचा (नायलॉन दोरीचा) फास घातलात, एका बोटाने गळाची दांडी अंगठ्यावर दाबून धरलीत आणि म्हणालात, "तिकडं पाय, बगळे पाय कसे बसले." मी बगळ्यांकडे पाहिलं, तेवढ्यात झटका. गळ बाहेर! मग सायकलवर बसवून आरोग्य केंद्रात नेलंत, धनुर्वाताचं इंजेक्शन होईस्तोवर बाहेर थांबलात.

परत येताना तुम्ही विचारलंत, "संस्थेला विचारलं का, बाबू?" मी विचारलं नव्हतं. तुम्ही रागावला नाहीत. एवढंच सांगितलंत की तलाव ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, संस्थेने लिलावात घेतलाय आणि बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) पदरच्या पैशाने सोडलीय. नंतर मी शोधून वाचलं. रोहू-कतला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरींनी मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं (रोहू-कतला याच वर्गातले) प्रजनन करून दाखवलं, तेव्हापासून माशांचं बीज केंद्रात तयार होऊ लागलं. म्हणजे त्या तलावातला प्रत्येक रोहू कुणीतरी विकत आणून सोडलेला. हे कळल्यावर मला फार अपराधी वाटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला अध्यक्षांकडे नेलंत, म्हणून मासे धरायची पावती मिळाली.

आणि ती तिसऱ्या दिवशीची सकाळ, काका. कमळाच्या पानांजवळ पाण्यावर लालसर काहीतरी खदखदत होतं. मी माशी फेकणार, तोच तुम्ही मनगट धरलंत. ती मरळीची पिल्लं होती, बोटाच्या पेराएवढी, शेकड्यांनी. श्वास घ्यायला वर यायची, परत खाली जायची. खाली त्यांची आई, काळी, हातभर लांब. "आता काहीबी टाक, ते धरतेच," तुम्ही हळूच म्हणालात. "लेकरांसाठी धरते. तिला काढलं का लेकरं एका दिसात साफ." रोहू-कतल्याचं बीज विकत तरी मिळतं. ही मरळ आपल्या तलावाची आपली, तिला तलावानेच वाढवायचं.

आपण दोघं पाळीवर बसून राहिलो, तो थवा पानांआड जाईस्तोवर. त्यानंतर किती मासे धरले ते आठवत नाही. तुमचा तो हात मात्र आठवतो, ओला, जाळ्याच्या दोऱ्याने घट्टे पडलेला.

माझ्या सगळ्या गळांचे उलटे काटे आता पक्कडीने दाबून टाकलेत. दिवाळीनंतर येतोय, पावती आधी फाडेन. तुमच्या कोंबड्याची लाल पिसं जपून ठेवलीत, त्यांची एक माशी तुमच्यासाठी बांधून आणतो. पहिली फेक तुम्ही करायची.

तुमचा,
अंगठेवाला पुतण्या