वाईनच्या द्राक्षाला दुसरे गिऱ्हाईक कोण?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जॉर्जियाच्या वाईनवरचा लेख वाचला. तिथल्या काखेती प्रांतातल्या बागा, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण, आठ हजार वर्षांची परंपरा, सगळे छान उतरले आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्यातल्याच एका सहल कंपनीबरोबर आम्ही उभयता तिकडे जाऊन आलो, त्यामुळे वाचताना पुन्हा तिथे फिरून आल्यासारखे वाटले. मात्र 'एवढ्याशा देशाला जमते, मग महाराष्ट्राला का जमू नये?' असे विचारून लेखकाने लेख संपवला आणि मी चष्मा काढून ठेवला. अख्ख्या पानभर लेखात द्राक्ष पिकवणारा माणूस एकदाही भेटला नाही. त्याच्याकडे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळणार कसे?

मी एका बँकेत कृषी अधिकारी होतो. निवृत्तीपूर्वीची काही वर्षे नाशिक जिल्ह्यात गेली. राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आले. वायनरींना उत्पादन शुल्कात माफी मिळाली, विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क झाले आणि पाच-सहा वर्षांत जो तो वाईनच्या गोष्टी करू लागला. शेतकरी आमच्याकडे प्रकल्प अहवाल घेऊन यायचे. अहवालाच्या पहिल्या पानावर हमखास फ्रान्स असायचा. कॅबरने, शिराझ, शेनिन ब्लांक ही वाईनच्या वाणांची नावे आमच्या शिपायालासुद्धा पाठ झाली होती. त्या फायलींपैकी बऱ्याच फायलींवर माझी सही आहे, म्हणून हे पत्र थोडे कबुलीजबाबासारखेही वाटेल.

शहरी वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. वाईनचे द्राक्ष म्हणजे मार्केट यार्डात मिळते ते द्राक्ष नव्हे. मणी लहान, साल जाड, आत बिया. पाहुण्यांपुढे ठेवावे असे ते नसते. थॉम्पसन किंवा सोनाका ही खाण्याची द्राक्षे पिकवणाऱ्याला निर्यातदाराने नाकारले तर तो व्यापाऱ्याला देतो, व्यापाऱ्याने भाव पाडला तर बेदाण्याला टाकतो. तोटा होतो, पण माल उठतो. वाईनच्या द्राक्षाला ही पायरीच नाही. बिया असल्याने बेदाण्याचा रस्ता बंद, हातगाडीवर कोणी विचारत नाही. शिवाय साखर आणि आम्लाचा मेळ बसला की चार-दोन दिवसांत खुडा झालाच पाहिजे. गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे करार केलेली वायनरी. तिने गेट उघडले तर पीक, नाही तर शेणखताच्या खड्ड्याची भर. बाग तर वीस-पंचवीस वर्षांसाठी लावलेली असते, पहिले भरघोस पीक हाती यायलाच तीन वर्षे जातात. लोखंडी अँगल, तारा, ठिबक, खुंटावरची कलमे, हा सगळा खर्च आधीच मातीत गेलेला असतो.

२००८ च्या अखेरीस मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली. वायनरींच्या टाक्या आधीच्या वाईनने भरलेल्या होत्या. पुढच्या दोन हंगामांत काय झाले ते मी गावोगाव फिरून पाहिले. एका वायनरीने ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, कमी आहे म्हणून गाड्या परत पाठवल्या. दुसरीने माल घेतला आणि पैसे दीड वर्ष थकवले. (दोघींचीही नावे इथे घेत नाही. एक आता चालत नाही, दुसरी नव्या मालकाकडे आहे.) माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने चार एकर शिराझवर कुऱ्हाड चालवली, तेव्हा मी वसुलीसाठीच त्याच्या बांधावर उभा होतो. तो एवढेच म्हणाला, "साहेब, करारावर त्यांची सही होती, माझी होती, तुमचीही होती. पण पैसे नाही दिले तर काय, हे कुठल्या कलमात लिहिलं होतं?" खरेच लिहिलेले नव्हते.

आता जॉर्जिया आणि त्याच्या जोडीला मोल्दोव्हा. मोल्दोव्हाची लोकसंख्या आपल्या पुणे महापालिकेपेक्षा कमी, पण द्राक्षबागा लाखाहून अधिक हेक्टर. आपल्या राज्यातही द्राक्षाखाली लाखभर हेक्टर आहेत, त्यांत वाईनचे वाण मात्र अगदी थोडे. सोव्हिएत काळात हे दोन्ही देश रशियाची वाईन पुरवणारी कोठारे होते. १९८५ साली गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली, तेव्हा तिथल्याही बागा उपटल्या गेल्या. पुढे देश स्वतंत्र झाले, तरी गिऱ्हाईक तेच राहिले. मार्च २००६ मध्ये रशियाने कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे कारण देऊन दोघांच्याही वाईनवर बंदी घातली. खरे कारण राजकीय होते, असे बहुतेकांचे मत. दोन्ही देशांची बहुतांश बाटली तिकडेच जात असल्याने एका फटक्यात बाजार गेला. आमच्या शिराझवाल्याचे चार एकरांत जे झाले, तेच या दोन देशांचे झाले.

पुढे त्यांनी काय केले, ते लेखात यायला हवे होते. मोल्दोव्हाने २०१३ साली द्राक्ष आणि वाईन यांचे एकच राष्ट्रीय कार्यालय उभे केले आणि त्याच्या निधीत सरकारबरोबर उद्योगाचाही पैसा घातला. त्याच वर्षी रशियाने त्यांच्यावर पुन्हा बंदी आणली, कारण ते युरोपीय संघाशी करार करू पाहत होते. पण या वेळी दुसरे दार तयार होते. १ जानेवारी २०१४ पासून युरोपीय संघाने त्यांच्या वाईनवरचा कोटा उठवला. 'वाईन ऑफ मोल्दोव्हा' या एकाच नावाखाली सगळे बाजारात उतरले. फेतेआस्का नेआग्रासारखे तिथले जुने वाण, जे सोव्हिएत काळात मागे पडले होते, ते पुन्हा लावायला सुरुवात झाली. २०१७ मध्ये त्यांच्या संसदेने वाईनला खाद्यपदार्थांत धरले. आपल्याकडे द्राक्ष बागेत असेपर्यंत कृषी खात्याचे असते. त्याचा रस आंबला की ते राज्य उत्पादन शुल्क खात्याचे होते आणि त्या खात्याच्या कामाचे माप म्हणजे महसूल. बागायतदाराचे पैसे बुडाले तर तो कोणत्या खात्याकडे जाणार, हे मला नोकरीत असतानाही कळले नव्हते.

जॉर्जियाची गोष्ट थोडी वेगळी. तिथेही बागायतदार छोटे, बहुतेकांची बाग हेक्टरभराच्या आतबाहेर. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा 'र्तवेली', म्हणजे द्राक्ष खुडण्याचा हंगाम चालू होता. वायनरीच्या गेटबाहेर द्राक्षांनी भरलेल्या छोट्या ट्रकांची रांग लागली होती. आमच्या गटातले लोक रांजणांचे फोटो काढत होते आणि मी वाटाड्याला विचारत बसलो होतो, यांना पैसे कधी मिळतात? त्याने सांगितले की हंगामात काखेतीत सरकारचा समन्वय कक्ष बसतो, कोणाचा माल घ्यायचा राहिला तर तिथे तक्रार जाते आणि खासगी वायनरींनी न घेतलेली द्राक्षे सरकारी कंपनी उचलते. मुंबईचे एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, तुम्ही सहलीला आलात की वसुलीला?" सवय जात नाही, काय करणार. रांजणातली पिवळसर वाईन मीही चाखली. एरवी मी घेत नाही. सालीसकट आंबवलेली असल्याने जास्त उकळलेल्या कोऱ्या चहासारखी तुरट लागते. सौभाग्यवतींनी चेहरा केला तो अजून आठवतो.

पण जॉर्जियाचे सगळेच अनुकरण करण्याजोगे नाही, हेही सांगतो. २००८ पासून तिथल्या सरकारने अनेक हंगामांत द्राक्षाच्या भावाला अनुदान दिले. भावाची खात्री म्हटल्यावर लोक बागा वाढवत गेले. मग खपायला मोठे गिऱ्हाईक हवे. २०१३ साली रशियाने बंदी उठवली आणि हळूहळू निर्यातीचा साठ टक्क्यांहून मोठा वाटा पुन्हा तिकडेच जाऊ लागला. एकदा हात पोळून पुन्हा त्याच चुलीपाशी! तेव्हा नुसते अनुदान ओतले की उद्योग उभा राहतो, असे म्हणणाऱ्यांनी हाही भाग वाचावा. मला तिथल्या अनुदानापेक्षा दोन साध्या गोष्टी घेण्यासारख्या वाटतात. एक, बागांची वाणनिहाय नोंद. दुसरी, काखेतीत २०१५ पासून पुन्हा उभी केलेली गारपीटरोधक यंत्रणा. गारा खरेच किती अडतात यावर वाद होऊ शकतो, पण गारपीट हा सरकारचाही प्रश्न आहे असे तिथे मानतात. आपल्याकडे २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मी वेगळे काय सांगू?

नोंदीचा मुद्दा कोरडा वाटेल, पण सगळे तिथून सुरू होते. माझ्या नोकरीत मी हजारो सातबारे पाहिले, पीक पाहणीत 'द्राक्ष' एवढेच लिहिलेले असे. शिराझ किती, शेनिन किती, लागवड कुठल्या साली, काही नाही. त्यामुळे २००६-०७ मध्ये टाक्यांची क्षमता किती आणि येऊ घातलेला माल किती, याचा मेळ घालणे ना बँकेला शक्य होते ना कृषी खात्याला. आता मोबाइलवर ई-पीक पाहणी आहे. तिच्यात वाण आणि लागवडीचे वर्ष सक्तीचे करायला काय हरकत आहे?

आणि पैशांचे काय? त्यासाठी जॉर्जियाला जाण्याचीही गरज नाही, शिवाजीनगरला साखर आयुक्तांच्या कार्यालयापर्यंत, साखर संकुलापर्यंत, गेले तरी पुरे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यानुसार ऊस गाळपाला आल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाल्यास पंधरा टक्के व्याज. कारखाने तरीही थकवतात, मोर्चे निघतात, हे मान्य. पण मोर्चा कुठे न्यायचा हे तरी ऊसवाल्याला ठाऊक असते. ऊस आणि वाईनचे द्राक्ष यांची अडचण सारखीच आहे, तोडले की थांबता येत नाही आणि कारखान्याशिवाय गिऱ्हाईक नाही. मग एकाला कायदा आणि दुसऱ्याला दोन पानी करार, हे कसे? वायनरीला दरवर्षी परवान्याचे नूतनीकरण लागतेच. गेल्या हंगामाचे बागायतदारांचे पैसे चुकते केल्याचा दाखला त्या अर्जाला जोडायला लावा. वायनरींना मूल्यवर्धित कराचा परतावा देण्याची योजनाही २००९ साली आली. त्या परताव्याला हीच अट लावली, तर सरकारला एक रुपयाही जास्त लागणार नाही.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचे ठरवले, तेव्हाचा गदारोळ आपल्या वाचकांना आठवत असेल. सरकार म्हणाले, हे शेतकऱ्यांसाठी आहे. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. दोन्ही बाजूंनी रकानेच्या रकाने छापून आले, तुमच्याकडेही. त्या सगळ्या चर्चेत किलोला भाव किती, एका बाटलीला लागणाऱ्या सव्वा किलो द्राक्षांचे बागायतदाराला किती मिळतात, हे विचारलेले माझ्या वाचनात आले नाही. आता तर ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे तिथल्या महाग वाईनवरचे दीडशे टक्के आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरते आहे. इतर देशही तीच सवलत मागणार. वायनरीचा नफा आवळला की ती पहिला हात कोणाच्या भावाला घालते, हे सांगायला बँकवाला कशाला हवा?

या विषयावर पुण्याने गप्प बसावे, हे मला पटत नाही. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र मांजरीला आहे, द्राक्ष बागायतदार संघाचे घरही तिथेच. आघारकर संस्थेने काढलेले एआरआय-५१६ हे वाण रसाला, जॅमला आणि वाईनलाही चालते, असे संस्था सांगते. मला त्यातला 'रसालाही' हा शब्द फार मोलाचा वाटतो. वायनरीने पाठ फिरवली तरी माल जायला दुसरी जागा असलेले वाण. आपल्या पुरवणीने रांजणांवर पान खर्च केले, तसे एखादे पान या वेलीवर करावे.

आणखी एक विनंती. जानेवारीत वायनरींचे गाळप सुरू होईल. आपला वार्ताहर तेव्हा द्राक्ष महोत्सवाच्या बातमीला जाईलच. त्याला तासभर आधी पाठवा आणि मागच्या गेटला, वजनकाट्यापाशी, ट्रॅक्टरवर बसलेल्या माणसाला विचारायला सांगा, गेल्या वर्षीचे पैसे कोणत्या महिन्यात मिळाले?

आपला,
एक निवृत्त कृषी कर्ज अधिकारी,
कोथरूड, पुणे