ओक्राकोकच्या वाटेवर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुढच्या एप्रिलमध्ये तुम्ही इकडे याल तेव्हा आपण सर्वांनी आरव्हीने, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीने, आऊटर बँक्सला जावे, अशी माझी आणि निखिलची मनापासून इच्छा आहे. फोनवर बाबांनी शंका काढल्या आणि आई गप्प राहिली. तिच्या गप्प राहण्याचा अर्थ मला कळतो, म्हणून सगळे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घरापासून पूर्वेला चार-पाच तासांवर नॉर्थ कॅरोलायनाचा किनारा लागतो. तिथे मुख्य भूमीला समांतर अशी वाळूची लांब, अरुंद बेटे सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत पसरलेली आहेत; तीच आऊटर बँक्स. त्यांच्या एका अंगाला खुला अटलांटिक आहे आणि दुसऱ्या अंगाला पामलिको साउंड हे उथळ, विस्तीर्ण, मचूळ पाणी. बेटांच्या पोटात खडक नाही. वादळात लाटा समुद्राकडची वाळू उचलून बेटावरून पलीकडे साउंडच्या बाजूला टाकतात आणि अशा रीतीने बेट हळूहळू मुख्य भूमीकडे सरकत राहते. १८४६ च्या एकाच वादळाने इथे ओरेगॉन आणि हॅटरस अशी दोन नवी मुखे, म्हणजे समुद्र आणि साउंड जोडणाऱ्या वाटा, फोडली. पहिल्यावर आता साडेचार किलोमीटर लांबीचा पूल आहे आणि दुसरे आजही फेरीनेच ओलांडावे लागते.

बाबा, केप हॅटरसचा दीपस्तंभ तुम्ही पाहावाच, असे मला वाटते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पिळाचा हा विटांचा स्तंभ १८७० मध्ये बांधला, तेव्हा समुद्र त्याच्यापासून पंधराशे फूट लांब होता. शंभर वर्षांत ते अंतर सव्वाशे फुटांच्याही आत आले. भिंती आणि वाळूची पोती घालून समुद्राला अडवत बसायचे की स्तंभच मागे न्यायचा, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. शेवटी १९९९ च्या उन्हाळ्यात तो अख्खा स्तंभ पायथ्यापासून कापून, जॅकवर उचलून, रुळांवरून इंच-इंच सरकवत २,९०० फूट आत नेला. या कामाला तेवीस दिवस लागले. वाटेत रोडान्थे गाव लागते. तिथे गेल्या काही वर्षांत अनेक घरे समुद्रात कोसळली आहेत, आणि वाळूखाली वारंवार गाडल्या जाणाऱ्या जुन्या रस्त्याला बगल देऊन साउंडवरून नवा पूल काढला आहे. रोडान्थेच्या आधी पी आयलंड येते. गुलामगिरीत जन्मलेला रिचर्ड एथरिज तिथल्या जीवरक्षक ठाण्याचा प्रमुख होता आणि त्याचे सगळे सहकारी कृष्णवर्णीय होते. १८९६ च्या वादळात त्यांनी दोराला बांधून घेऊन लाटांत पोहत जाऊन एका फुटलेल्या जहाजावरील सर्वांना वाचवले. त्याबद्दलचे सुवर्णपदक त्यांना मरणोत्तर मिळाले, तेही १९९६ मध्ये. शंभर वर्षे उशीर झाला, याचे मला तिथून जाताना दर वेळी वाईट वाटते.

आता फेरीबद्दल. दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट जाणारी आपली फेरीबोट तुमच्या ओळखीची आहे. ही तिचीच थोरली बहीण समजा. हॅटरसहून पुढच्या ओक्राकोक बेटावर जायला सुमारे एक तास लागतो, वाहनालाही भाडे पडत नाही, आरक्षण मात्र मिळत नाही, रांगेतच थांबावे लागते. सरळ अंतर थोडे आहे, परंतु मुखातली वाळू सतत सरकून जुना मार्ग उथळ झाल्याने बोट मोठा वळसा घेऊन जाते. आरव्ही कुठे उभी करायची ते बोटीवरचे कर्मचारी वजन पाहून ठरवतात. बोटीवर चढण्यापूर्वी आम्ही गॅसच्या टाकीची झडप बंद करतो, त्यामुळे चहा आधीच करून थर्मासमध्ये भरून ठेवावा लागतो.

ओक्राकोकला पूल नाही आणि हेच त्या गावाचे वेगळेपण आहे. गावात १८२३ चा बुटका पांढरा दीपस्तंभ आहे, चालत जाता येतील असे सावलीचे रस्ते आहेत, आणि १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या ब्रिटिश नौकेवरील चार खलाशांची लहानशी, नीट राखलेली दफनभूमी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये डोरियन चक्रीवादळात साउंडचे पाणी अचानक उलटून गावात शिरले आणि बहुतेक घरांत भरले. त्यानंतर लोकांनी एकमेकांना हात देत घरे दुरुस्त केली, कित्येकांनी ती उंच खांबांवर चढवली. ‘निसर्ग’ वादळानंतर आपल्या वाडीतल्या पडलेल्या पोफळींमधून बाबा दिवसभर हिंडत होते आणि शेजारचे सगळे न बोलावता कोयते घेऊन आले होते, हे मला तिथे आठवते. तुम्हाला त्या लोकांशी बोलायला विषय शोधावा लागणार नाही. भाषांतराचे काम मी करीन.

आई, आता मोती आणि खंड्या या आमच्या कुत्र्यांविषयी. समुद्रकिनारी कुत्र्यांना मोकळे सोडण्याची तिथे परवानगीच नाही. सहा फुटांपेक्षा लांब दोरी चालत नाही, आणि चिखल्यासारख्या पक्ष्यांची घरटी असतील तो किनारा काही महिने बंदही असतो. हा नियम मला फार योग्य वाटतो, कारण उघड्या वाळूवर अंडी घालणाऱ्या पाखरांना दुसरा आसरा नाही. फेरीवर मोती कठड्याशी उभा राहून समुद्रपक्षी पाहतो. इंजिनाच्या थरथरीने घाबरणारा खंड्या मात्र माझ्या पायांशी आतच बसतो. वाळूतल्या गवताच्या काटेरी बिया त्यांच्या पंज्यांत रुततात, म्हणून संध्याकाळी त्यांचे पाय तपासणे हे निखिलचे ठरलेले काम आहे. रात्री दोघे पुढे चालकाच्या आसनाजवळ झोपतील. तुमचा पलंग मागच्या बाजूला आहे, मध्ये सरकते दार आहे आणि स्नानगृह त्याला लागूनच आहे. स्वयंपाकाच्या ओट्याकडे त्यांना फिरकू देत नाही; तुझा कुकर तिथे बिनधास्त लाव.

बाबांच्या इन्सुलिनचा विचार मी नीट केला आहे. ओक्राकोकच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कॅम्पग्राउंडवर वीजजोडणी नाही, परंतु आरव्हीचा फ्रिज गॅसवर चालतो आणि फेरीपुरता बर्फाचा वेगळा डबा सोबत असेल. गावात आरोग्यकेंद्र आहे, रुग्णालय नाही. म्हणून मुक्कामाचे बहुतेक दिवस आपण पूल असलेल्या हॅटरसच्या बाजूला काढू आणि ओक्राकोकला थोडेच राहू. एप्रिल मी मुद्दाम निवडला आहे: चक्रीवादळांचा मोसम जूनपासून नोव्हेंबरपर्यंत असतो, आणि एप्रिलमध्ये ना वाळू तापलेली असते ना डास फार असतात.

परतताना ओक्राकोकहून सीडर आयलंडला जाणारी मोठी फेरी घेऊ. तिला सव्वादोन तास लागतात, भाडे वाहनाच्या लांबीनुसार पडते आणि जागा आधी राखून ठेवलेली बरी. बाबांना बोट लागते, हे लक्षात आहे. साउंडचे पाणी उथळ आणि एरवी शांत असते, पण वारा असेल तर आपण एक दिवस थांबून निघू. कॅम्पग्राउंडच्या जागा फार लवकर भरतात, तेव्हा डॉक्टरांशी बोलून दिवाळीच्या आत होकार कळवा. आईने स्वतः फोनवर सांगावे, बाबांकरवी नको.

तुमची,
मुक्ता