सापाचे पिल्लू चावते ते भीतीने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विदेशी पाळीव प्राण्यांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. सापाचे पिल्लू चावरे निघाले तर त्याला डोक्यामागे घट्ट धरून सवय लावावी, असे त्यात म्हटले आहे. हा सल्ला पिलाच्या जिवावर बेतणारा आहे, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची साताऱ्याची. लग्नानंतर इंग्लंडमध्ये लेस्टरला स्थायिक झाले. इथे बिनविषारी साप पाळायला परवाना लागत नाही. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीकडे कॉर्न स्नेक आहे. अमेरिकेच्या आग्नेय भागातली ही बिनविषारी जात. आणला तेव्हा तो करंगळीहून बारीक होता. झाकण उघडले की मान दुमडून वेटोळे करायचा, शेपटीचे टोक खालच्या कागदावर फरफर वाजवायचा आणि झेपावायचा. बोटावर रक्ताचे दोन-चार बारीक ठिपके उठायचे, बस. मात्र हातात धरला की घाण वासाचा पातळ स्राव सोडायचा, तो वास साबणानेही लवकर जात नसे.

एवढ्याशा जिवाला पक्ष्यांपासून मोठ्या सापांपर्यंत सगळेच खातात. वरून आलेला हात त्याला झडप घालणारा पक्षीच वाटणार. अशा वेळी त्याची मान आवळायची म्हणजे त्याची भीती खरी करून दाखवायची! शिवाय पिलाची मान आणि बरगड्या फार नाजूक असतात.

आधी त्याला लपायला जागा हवी. डबा लहानच असावा. एका टोकाला 28 ते 30 अंश ऊब, दुसरे टोक थंड, आणि दोन्हीकडे अंग चोरून बसता येईल असा आडोसा. उबेच्या साधनाला थर्मोस्टॅट (तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवणारे यंत्र) हवाच, नाहीतर पिल्लू भाजते. आणल्यावर आठवडाभर हात लावू नये. ते नीट खायला लागले की मग हाताळणी सुरू करावी, तीही मोजकी मिनिटे. खाल्ल्यावर दोन दिवस सोडून द्यावे, नाहीतर उलटी करते. कात टाकण्याआधी डोळे निळसर दुधी होतात. तेव्हा त्याला धड दिसत नाही आणि ते जास्तच बिथरते, त्या दिवसांत उचलूच नये.

उचलताना हात बाजूने आणि खालून न्यावा. माझी मुलगी आधी कागदाच्या मऊ सुरळीने त्याच्या पाठीला हलकेच स्पर्श करते. खाणे आलेले नाही, हे त्याला त्यातून कळते. मग ती त्याला तळव्यावर घेते आणि एका हातावरून दुसऱ्या हातावर सरकू देते, कुठेही आवळत नाही. उंदराच्या वासाचा हात मात्र आत घालायचा नाही. भीतीने चावलेला साप लगेच सोडतो, भक्ष्य समजून चावलेला धरून ठेवतो आणि विळखा घालतो. तेव्हाही हात हिसकू नये. दात आत वळलेले असल्याने ते तुटतात आणि आपलीही कातडी फाटते. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवावेत, साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंची शक्यता असते. हळूहळू त्याची शेपटी थरथरायची थांबली. आता तो मनगटाभोवती निवांत बसतो, आणि मुलीचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो.

साताऱ्याला माझ्या भाच्यांनी हे व्हिडिओ कॉलवर पाहिले आणि बांधावरचे पिल्लू धरून आणायचे बेत सुरू केले. त्यांना सांगितले तेच आपल्या वाचकांनाही कळकळीने सांगते. यातले काहीही आपल्याकडच्या सापांवर करून पाहू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले साप धरणे, पाळणे हा गुन्हा आहे. नाग आणि घोणस यांच्या पिलांना जन्मतःच विष असते. बिनविषारी कवड्या म्हणून उचललेले पिल्लू विषारी मण्यार निघू शकते, आणि मण्यारीच्या चाव्याची जागा कित्येकदा दुखतही नाही, सुजतही नाही. विदेशी सापांतही बॉल पायथन या आफ्रिकेतल्या लहान अजगरासारख्या जातींची भारतात नोंदणी करावी लागते.

घरात पिल्लू निघाले तर लांबून नजर ठेवा आणि ओळखीच्या सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा. चावलेच तर 108 ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठा.

आपली,
एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)