व्हीगन म्हणजे काही एक पार्टी नाही हो!

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत व्हीगन लोकांवर लेख आला होता, लिहिलाय चांगला, मेहनत दिसते, पण त्यात सारखं आपलं "व्हीगन लोकांना असं वाटतं", "व्हीगन लोकांचं म्हणणं आहे की", "व्हीगन विचारसरणीनुसार", हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग थोडा रागच आला. मी स्वतः नऊ वर्षं व्हीगन आहे आणि आमचा सहा जणांचा एक छोटासा ग्रुप आहे, त्या सहा जणांची मिळून आठ मतं आहेत (दोघं सकाळी एक बोलतात आणि संध्याकाळी दुसरं). आमच्यात कॉमन एवढंच, की आम्ही प्राण्यांपासून आलेलं काही खात नाही, वापरत नाही. का नाही, असं विचारलंत की घोडं तिथेच पेंड खातं.

तुमच्या लेखकाचीही चूक नाही म्हणा, हा गोंधळ पहिल्या दिवसापासूनच आहे. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९४४ मध्ये डोनाल्ड वॉटसन आणि काही मंडळी शाकाहारी लोकांपासून वेगळी झाली, कारण दूध आणि अंड्यांचा विषय काढला की शाकाहारी संघटनेतले लोक टाळाटाळ करायचे. मग यांनी व्हेजिटेरियन या इंग्रजी शब्दाचं फक्त डोकं आणि शेपूट घेतलं, मधलं सगळं काढून टाकलं आणि व्हीगन हा शब्द केला. गंमत म्हणजे शब्द झाला, संस्था झाली, पण नीट व्याख्याच नव्हती! १९४९ मध्ये लेस्ली क्रॉस नावाच्या गृहस्थांनी विचारलं, की अहो आपण नक्की कशासाठी जमलोय. मग १९५१ मध्ये ठरलं की माणसाने प्राण्यांचं शोषण न करता जगावं, हे ते तत्त्व. म्हणजे आधी ताट ठरलं आणि विचार नंतर आला. आणि आज जी व्याख्या चालते तिच्यात "शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं" असे शब्द आहेत. आमची अर्धी भांडणं या चार-पाच शब्दांवरच होतात, कारण व्यवहार्य म्हणजे काय ते ठरवणार कोण? आमच्यातला एक जण तापाने फणफणला तरी गोळीच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचत बसतो, कॅप्सूलच्या कवचात जिलेटिन आहे का ते बघायला, आणि दुसरी त्याला ओरडते, की अरे गीळ ती, तू आजारी पडून कुठल्या गाईचं भलं होणार आहे. दोघंही व्हीगनच.

आता मूळ मुद्द्यावर येते. दोन-तीन महिन्यांपूर्वी माझं आणि माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं कडाक्याचं भांडण झालं, आणि कशावरून, तर एका ऑनलाइन पिटिशनवर मी सही केली म्हणून. पिटिशन साधी होती, अंड्यांसाठी कोंबड्यांना ज्या छोट्या पिंजऱ्यांत कोंबतात ते बंद करा. युरोपियन युनियनने असा कायदा १९९९ मध्येच केला आणि २०१२ पासून ते साधे बॅटरी पिंजरे तिथे बंद झाले, तसंच इतर ठिकाणीही व्हावं एवढीच मागणी. मी आपली सही करून खुशीत लिंक ग्रुपवर टाकली. तर हिचं उत्तर आलं, "म्हणजे जेलची खोली जरा मोठी करा असा अर्ज केलास तू. अभिनंदन."

मला इतकं लागलं ना ते! कारण बाहेरचा कोणी बोलला असता तर मी दहा उत्तरं दिली असती, पण ही बोलत होती ते अगदीच चुकीचं नव्हतं. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की पिंजरा गेला तरी कोंबडी मालकीचीच राहते, अंडी कमी झाली की तिला मारतातच, आणि त्या जातीची नर पिल्लं तर अंड्यातून बाहेर आली त्याच दिवशी मारतात, कारण ती अंडी देत नाहीत आणि मांसासाठीची जातही ती नव्हे. मग पाकिटावर "पिंजरामुक्त" असं छापलं की फायदा कोणाला? खाणाऱ्याला. त्याच्या मनाची टोचणी गेली आणि तो आता निवांत खाणार. हा विचार तिचा एकटीचा नाही, अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक गॅरी फ्रान्सिओन वर्षानुवर्षं हेच मांडतायत. प्राणी कायद्याने मालमत्ता आहे तोवर बाकीच्या सुधारणा म्हणजे वरवरची रंगरंगोटी, आणि व्हीगन होणं ही कुठली मोठी उडी नाही, ती सुरुवातीची किमान पायरी आहे.

माझा ओढा दुसरीकडे आहे, तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांच्याकडे. १९७५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि प्राण्यांबद्दलचा हा सगळा वाद विद्यापीठातून बाहेर पडला. ते हक्क वगैरे शब्दांपासून सुरुवातच करत नाहीत, त्यांचा हिशोब दुःखाचा. ज्याला दुःख होतं त्याचं दुःख मोजायचं, ते माणसाचं आहे की डुकराचं याने फरक पडत नाही. हा धागा पार १७८९ पर्यंत मागे जातो, इंग्रज तत्त्वज्ञ जेरेमी बेंथमनी तेव्हाच लिहून ठेवलंय की प्राणी विचार करू शकतात का किंवा बोलू शकतात का हा प्रश्नच नाही, ते दुःख भोगू शकतात का हा प्रश्न आहे. या हिशोबाने बघितलं तर आज पिंजऱ्यात असलेल्या कोंबडीला पंख पसरायला जागा मिळाली तर दुःख तेवढं कमी झालंच ना, मग सही का नको? पण या हिशोबाची दुसरी बाजू अशी की तो कधी कधी अवघड जागी नेऊन सोडतो. ऑयस्टरना मेंदू म्हणावा असा अवयव नाही, मग त्यांना दुःख होतं का? सिंगर यांनी पहिल्या आवृत्तीत रेघ कोळंबी आणि ऑयस्टरच्या मध्ये कुठेतरी मारली होती, १९९० च्या आवृत्तीत म्हणाले की शंका आहे तर तेही नको. माझी मैत्रीण म्हणते, बघ, ज्या तत्त्वाची रेघ अशी सरकते ते कसलं तत्त्व. मी म्हणते, नवीन काही कळल्यावर जो रेघ सरकवतो तोच मला विश्वासाचा वाटतो.

आणि यात तिसरे आहेत तत्त्वज्ञ टॉम रेगन, त्यांचं पुस्तक १९८३ चं. ते म्हणतात की प्राणी हा स्वतःच्या आयुष्याचा धनी आहे, ते आयुष्य त्याच्यासाठी चांगलं किंवा वाईट जातं, त्यामुळे त्याला दुसऱ्याच्या कामाची वस्तू करायचंच नाही, मग त्यातून कितीही भलं होवो. यावर आमच्यात एक वाद तर अजून मिटलेला नाही. वनस्पतींपासून मांसासारखी चव देणारा पदार्थ करणाऱ्या एका कंपनीने त्यातला एक घटक सुरक्षित आहे हे दाखवायला उंदरांवर चाचण्या केल्या. सिंगरवाला म्हणणार, त्यामुळे लाखो लोकांनी मांस कमी केलं तर हिशोब जमतो. रेगनवाला म्हणणार, त्या उंदरांना विचारलं होतं का. प्रयोगशाळेत पेशी वाढवून केलेल्या मांसाचं तेच, २०१३ मध्ये लंडनमध्ये पहिला बर्गर खाऊन दाखवला, २०२० मध्ये सिंगापूरने विक्रीला परवानगी दिली, आणि आमच्या सहा जणांत तीन जण नाचले आणि तीन जणांनी तोंड वाकडं केलं.

राजकारणाबद्दल तर तुमच्या लेखकाने सरळ लिहून टाकलंय की हे सगळे डाव्या विचारांचे. अहो, कुठून? आहेत, डावे भरपूर आहेत. अमेरिकेतल्या डाव्या कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस स्वतः व्हीगन आहेत आणि भांडवलशाहीत प्राण्यांचं जे होतं ते बाकीच्या शोषणापासून वेगळं काढता येत नाही असं त्या मांडतात. पण मॅथ्यू स्कली हे नाव ऐकलंय? अमेरिकेचे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची भाषणं लिहिणारा माणूस, पक्का उजवा, आणि २००२ मध्ये त्याने प्राण्यांच्या बाजूने अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात हक्कांपेक्षा दयेवर भर आहे, की बलवानाच्या हातात दुबळा जीव दिलाय तर बलवानाने कसं वागावं. आणि त्याच देशात डेमोक्रॅट पक्षाचे सिनेटर कोरी बुकर, तेही व्हीगन, ते मोठमोठे औद्योगिक पशुपालन कारखाने बंद करायचा कायदा मागतात. नेदरलँड्समध्ये तर २००२ मध्ये प्राण्यांसाठीच पक्ष निघाला आणि २००६ मध्ये त्याचे दोन खासदार निवडून आले. आमच्या ग्रुपमध्ये एक जण असा आहे की सरकारने यात पडूच नये, लोक बदलतील तसा बाजार बदलेल, कायदा करून कोणाचं ताट ठरवू नका. हेच वाक्य मांसाहारी माणसं आम्हाला ऐकवतात, त्यामुळे हा बोलायला लागला की आम्हाला कळत नाही की हा नक्की कोणाच्या बाजूने आहे!

ग्रुपमधला डावा आणि उजवा यांची जुंपते ती कत्तलखान्यातल्या कामगारांवरून. डावा म्हणतो तिथे सुरी धरणारा माणूसही पिळला जातोय, त्याच्याबद्दल न बोलता प्राण्यांबद्दल बोलणं म्हणजे ढोंग. उजवा म्हणतो एका काठीला दहा झेंडे बांधलेस तर काठी मोडेल, जो तुझ्या बाकीच्या नऊ झेंड्यांशी सहमत नाही तो दहाव्यालाही हात लावणार नाही. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू (ही म्हण आम्ही वापरावी का यावरही एकदा वाद झालाय), मला डाव्याचं पटतं पण उजव्याचं खरं निघतं असा अनुभव आहे, निदान नवीन माणसांशी बोलताना तरी.

आणि हो, हिटलर. "हिटलरही शाकाहारी होता ना?" हा प्रश्न व्हीगन माणसाला वर्षातून एकदा तरी येतोच. मी आता टाळत नाही, सरळ सांगते की नाझी सरकारने नोव्हेंबर १९३३ मध्ये प्राण्यांच्या संरक्षणाचा कडक कायदा केला हे खरं आहे, आणि त्यांनी माणसांचं काय केलं तेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर मी म्हणते की व्हीगन असणं हे चारित्र्याचं सर्टिफिकेट नाही. आमच्यातल्या काहींना हे ऐकवत नाही, त्यांना वाटतं एकदा दूध सोडलं की माणूस आपोआप सगळ्याच बाबतीत शहाणा होतो. तसं असतं तर आमचा ग्रुप इतक्या वेळा फुटला नसता.

पर्यावरणवाल्यांची तर तऱ्हाच वेगळी. २०१८ मध्ये जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांचा मोठा अभ्यास आला, ११९ देशांतल्या जवळपास ३८,७०० शेतांची माहिती घेऊन, त्यात निघालं की जगाने प्राणिजन्य पदार्थ सोडले तर शेतीला लागणारी जमीन ७६ टक्क्यांनी कमी होऊ शकते. हे वाचून जे व्हीगन झाले त्यांना शोषण वगैरे शब्द फार जवळचे वाटत नाहीत. आमच्यातला असा एक जण वीस वर्षं जुना चामड्याचा पट्टा बिनधास्त लावतो, म्हणतो जनावर तर तेव्हाच गेलं, आता मी नवीन प्लास्टिकचा पट्टा घेतला तर तो पेट्रोलियमपासून बनणार आणि पुढे शेकडो वर्षं कुठेतरी पडून राहणार. माझ्या मैत्रिणीला तो पट्टा बघवत नाही. तब्येतीसाठी आलेल्यांबद्दल काय लिहू, ते येतात तसे जातात, आणि बी-१२ ची गोळी घ्या म्हटलं की ऐकत नाहीत.

मांजरावरून तर मैत्री तुटायची वेळ आली होती. एकीने दोन जखमी मांजरं उचलून आणली, मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते निसर्गात मांसातूनच मिळतं, म्हणून ही त्यांना मांसाचं खाणं विकत घेते. एक जण तिच्याकडे जायचा बंद झाला. फ्रान्सिओन यांच्या बाजूचे म्हणतात आहेत ती सांभाळा, पण माणसाच्या हौसेसाठी नवीन जन्माला घालू नका. याउलट डोनाल्डसन आणि किमलिका या लेखकद्वयाने २०११ मध्ये मांडलं की पाळीव प्राणी म्हणजे आपल्या समाजाचे नागरिकच, रानातले प्राणी जणू वेगळी स्वतंत्र राष्ट्रं, आणि कबुतरं-उंदरं वगैरे मंडळी आपल्यात राहणारे रहिवासी. मला कल्पना जाम आवडली, फक्त एका नागरिकाच्या जेवणासाठी दुसरा कापायचा का, यावर आमची गाडी अडली ती अजून तिथेच आहे.

तर साहेब, माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी हा विषय घ्याल तेव्हा एका माणसाला विचारून "व्हीगन म्हणतात" असं लिहू नका, तिघांना एकत्र बसवा, लेख आपोआप होईल आणि बहुतेक दोन भागांत छापावा लागेल. पिटिशनचं म्हणाल तर मी परत सही करीन, केलीसुद्धा, मागच्या आठवड्यात दुसरी एक आली होती. पण "खाणारा निवांत होतो" या मैत्रिणीच्या मुद्द्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही हे मी तिला सांगितलंय. आमचं बोलणं चालू आहे, रोज चालू आहे, फक्त मी पिटिशनची लिंक पाठवली की दोन निळ्या टिका येतात आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत काहीच येत नाही.

आपली,
एक नियमित वाचक (व्हीगन, पण फक्त स्वतःच्या वतीने)