सुकलेली फुलं खुडा, रोपं उपटू नका

मा. संपादक,
स. न.

बागेबद्दल पेपरात जे येतं ते बहुतेक सीझनच्या सुरुवातीचं असतं, काय लावा, माती कशी करा, खत किती, आणि सीझन निम्मा झाला की सगळे गप्प. मग शरद सुरू व्हायच्या सुमारास बाग मरगळलेली दिसते, लोकांना वाटतं झालं आता, आणि रोपं उपटून टाकतात. हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण झेंडू, झिनिया, कॉसमॉस, डेलिया यातलं काहीच तेव्हा संपलेलं नसतं.

झेंडू, झिनिया, कॉसमॉस ही एका सीझनची झाडं, त्यांची सगळी धडपड बी धरण्यासाठी असते. फुलात बी भरायला लागलं की ताकद तिकडे जाते आणि नव्या कळ्या कमी होतात, म्हणून सुकलेली फुलं सतत काढत राहायची. नुसत्या पाकळ्या ओढून उपयोग नाही, देठासकट खालच्या पानांपर्यंत कापायचं. झिनियाची पानं समोरासमोर असतात, त्यामुळे तिथून बहुतेक दोन फांद्या फुटतात आणि दोन्हीला फुलं येतात. डेलियात नवी कळी कुठली आणि उतरलेलं फूल कुठलं हे पटकन कळत नाही, तर कळी गोल आणि टणक असते, उतरलेलं फूल टोकदार आणि मऊ लागतं.

दुसरं म्हणजे सगळं बी एकदम पेरू नका. झिनिया साधारण 8 आठवड्यांत फुलावर येते, तेवढं मागे मोजून थोडं बी उशिरा पेरलं की जुनी रोपं थकतात तेव्हा नवी तयार असतात. पाणी मुळाशी आणि सकाळी द्या, आणि रोपांत हवा खेळू द्या, दाटीत भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पावडर धरणारा रोग, लवकर पसरते. नत्राचं खत जास्त झालं तर कॉसमॉस नुसता उंच वाढतो, फुलं नावाला.

शेवंतीचं वेगळं आहे, तिला कळ्या धरायला लांब रात्र लागते. दिवस-रात्रीच्या लांबीचा फुलण्याशी असा संबंध असतो हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मधे दाखवलं, तरी आजही लोक शेवंतीची कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवतात आणि कळी का येत नाही म्हणून खत बदलत बसतात!! कुंडी अंधारात हलवा एवढंच. झाड भरगच्च व्हावं म्हणून शेंडे खुडायचे ते पण कळ्या धरायच्या बरंच आधी थांबवा, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात.

अ‍ॅस्टर आणि सेडम तर याच काळात भरात येतात, आणि तेव्हा बाकी फुलं कमी झाल्यामुळे मधमाश्या, फुलपाखरं त्यांच्यावर तुटून पडतात. लावताना एकेरी पाकळ्यांची जात घ्या, खूप दाट पाकळ्यांच्या फुलात मध कमी मिळतो आणि माशीला आत शिरता पण येत नाही.

सार्वजनिक बागांमधे पण फुलत असलेले वाफे ठरलेल्या तारखेला उपटले जातात, ते फुलं आहेत तोवर तरी राहू द्यावेत. आणि तुम्ही बागकामाच्या पानावर दर आठवड्याला एक छोटा चौकोन फक्त "आता काय खुडायचं, काय पेरायचं" यासाठी ठेवावा ही मनापासून विनंती.

आपली,
एक वाचक