अभयारण्याच्या फाटकापासून आत वडाप हवे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

वन्यजीव छायाचित्रण हा चारचाकी असणाऱ्यांचा आणि लाखभराची लेन्स घेऊ शकणाऱ्यांचाच छंद आहे, अशी समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. कोल्हापुरात पक्ष्यांची छायाचित्रे काढणारी तरुण मुले पुष्कळ आहेत. रंकाळ्यावर आणि कळंबा तलावाच्या काठी ती पहाटेच दिसतात. पण दाजीपूर किंवा ताडोबाचा विषय निघाला की गाडीवाचून बेत तेथेच थांबतो. गाडीशिवाय आणि बेताच्या खर्चात हा प्रवास करता येतो, असा माझा अनुभव आहे. तो कसा करावा आणि नेमका कोठे अडतो, हे मांडण्यासाठी आणि दाजीपूरच्या जंगलात वडाप, म्हणजे सीटमागे पैसे घेणारी जीप, सुरू करावी अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

लांबच्या प्रवासाची सोय तर आपल्या स्थानकावरच आहे. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापुरातून निघून नागपूरमार्गे थेट गोंदियाला जाते. २०१३ साली घोषित झालेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत असल्याने या गाडीचे शेवटचे स्थानक त्याच्या अंगणातच आहे, असे म्हणायला हरकत नाही. ताडोबासाठी याच गाडीने वर्ध्याला उतरून चंद्रपूर गाठावे आणि तेथून एस.टी.ने मोहर्लीला जावे. प्रवास सुमारे एक दिवसाचा आहे. मात्र शयनयानाचे तिकीट साठ दिवस आधी काढले तर सहा जणांच्या रेल्वे भाड्याची रक्कम खासगी गाडीच्या इंधनाच्या आणि टोलच्या खर्चापेक्षा पुष्कळच कमी होते. ताडोबा मंगळवारी बंद असते, हे तिकीट काढण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे, नाहीतर एक मुक्काम फुकट जातो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई गाठून कोटामार्गे दिल्लीला जाणारी गाडी धरली, तर सवाई माधोपूर आणि भरतपूर ही दोन्ही स्थानके एकाच मार्गावर लागतात, म्हणजे रणथंबोरचे वाघांचे जंगल आणि भरतपूरचे केवलादेव एकाच फेरीत होतात.

केवलादेवचा उल्लेख मी मुद्दाम करतो. १९८५ पासून जागतिक वारसा यादीत असलेले हे पक्ष्यांचे उद्यान जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे आहे आणि ते भाड्याच्या सायकलीवर किंवा सायकलरिक्षात बसून पाहायचे असते. रिक्षावाल्यांना पक्ष्यांची ओळख करून देण्याचे प्रशिक्षण मिळालेले असल्यामुळे तेच वाटाडे होतात. मोटार नसणे ही तेथे सोयच ठरते, कारण सायकल हवी तेथे थांबवता येते आणि पक्षी बुजत नाहीत. आपल्या जवळ असे ठिकाण म्हणजे सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर. उजाड डोंगरावर माणसांनी झाडे लावून उभे केलेले, जेमतेम अकरा चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य मिरज-पुणे लोहमार्गावरील ताकारी स्थानकापासून जवळ आहे. चितळ, सांबर आणि काळवीट तेथे पायी फिरून पाहता येतात. नवशिक्याने पहिला धडा सागरेश्वरला गिरवावा आणि मगच ताडोबाच्या सफारीवर पैसे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना पुढे विदर्भात जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरायचे आहे, त्यांनी एस.टी.च्या 'आवडेल तेथे प्रवास' या चार आणि सात दिवसांच्या पासाची चौकशी अवश्य करावी. महिलांना एस.टी.च्या तिकिटात निम्मी सवलत २०२३ पासून आहेच.

खरा खर्च प्रवासाचा नसून सफारीचा असतो. जिप्सीचे (सफारीच्या उघड्या जीपचे) भाडे आणि गाईडचे शुल्क गाडीमागे आकारले जाते, गाडीत दोघे बसोत की सहा जण. म्हणून तारीख ठरवण्याआधी माणसे ठरवावीत. परवान्यावर प्रत्येकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असल्याने ऐनवेळी माणूस बदलता येत नाही, आणि एक जण गळाला की त्याचा वाटा उरलेल्यांच्या माथी येतो. कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे असते आणि काही उद्यानांत मोठ्या लेन्ससाठी आणखी पैसे मोजावे लागतात, तेही आधी विचारून घ्यावे. सकाळची पहिली एस.टी. सूर्योदयापूर्वी फाटकावर पोहोचत नाही. त्यामुळे आदल्या रात्रीचा मुक्काम फाटकाजवळच्या गावात, शक्यतो गावकऱ्यांच्या घरगुती निवासात करावा.

सामानाबाबतही एक सांगावेसे वाटते. जिप्सीत कॅमेऱ्याची तिवई (ट्रायपॉड) उभी राहत नाही आणि एस.टी.त ती पायांत येते. जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवावी, ती रिकामी घडी करून न्यावी आणि मुक्कामी पोहोचल्यावर दोन-तीन किलो तांदूळ किंवा हरभरे भरून तोंड बांधावे. जिप्सीच्या कठड्यावर ही पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली की हात हलत नाही. परतताना धान्य ज्यांच्या घरी उतरलो त्यांना द्यावे. साधी ७०-३०० मि.मी.ची लेन्स सुरुवातीला पुरते. मोठी हवीच असेल तर भाड्याने मिळते.

आता आपल्या दाजीपूरविषयी. कोल्हापूर संस्थानच्या काळी हे शिकारीचे राखीव रान होते. १९५८ साली ते गव्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. आज तेच राधानगरी अभयारण्य या नावाने ३५१ चौरस किलोमीटर पसरले आहे आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश आहे. कोल्हापूरपासून सुमारे ८० किलोमीटरवर, राधानगरीहून फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच दाजीपूर असल्याने एस.टी. तेथवर जाते. येथील जंगल दाट आणि सदाहरित-निमसदाहरित आहे. त्यामुळे झाडीत प्रकाश फार कमी असतो आणि छायाचित्रे प्रामुख्याने मोकळ्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, मिळतात. संध्याकाळी सड्याच्या कडेला गव्यांचा कळप चरायला उतरतो, तेव्हा काळ्याभोर अंगामुळे कॅमेरा फसतो आणि सगळे चित्र उजळून टाकतो. पायांतले पांढरे मोजे आणि मागचे गवत पांढरेफटक पडते. अशा वेळी कॅमेऱ्यातले एक्स्पोजर (चित्राचा उजेड) पाऊण स्टॉप (उजेडाचे माप) उतरवावे, म्हणजे गवा काळाच राहतो आणि गवताचा रंगही टिकतो. गव्याच्या जवळ पायी जाण्याचा मोह मात्र कोणीही करू नये, तो मुकाट चरत असला तरी.

एवढे सगळे जमून आल्यावर एकट्यादुकट्या माणसाचे घोडे अडते ते शेवटच्या टप्प्यावर. एस.टी. मुख्य रस्त्यावर उतरवते; तेथून जंगलात सड्यापर्यंत जायचे तर अख्खी गाडी ठरवावी लागते. आपल्या जिल्ह्यात वाडीवस्तीपर्यंत वडाप चालते, सीट भरल्या की गाडी निघते आणि ज्याने त्याने आपापल्या सीटचे पैसे द्यायचे असतात. ही पद्धत जंगलात चालत नाही असे नाही. रणथंबोरमध्ये वीस आसनी कँटर चालतात आणि एकट्या पर्यटकालाही त्यातली एक जागा घेता येते. मोठी गाडी दाजीपूरच्या अरुंद वाटांना झेपणार नाही आणि ती असूही नये. पण सहा-आठ जणांची जीप सीटनिहाय चालवायला काय अडचण आहे? जीप, चालक आणि गाईड सगळे गावातलेच असतील, तर रोजगारही तेथेच राहील. शिवाय सहा जणांनी एकाच जीपमधून जाणे हे दोन-तीन गाड्या आत नेण्यापेक्षा जनावरांच्या दृष्टीनेही बरे.

म्हणून माझी वनविभागाला आणि एस.टी. महामंडळाला विनंती आहे की, शनिवार-रविवारी तरी दाजीपूर फाटकावरून सकाळी एक आणि दुपारी एक अशा दोन सीटनिहाय फेऱ्या सुरू कराव्यात, त्यांच्या वेळा कोल्हापूरहून येणाऱ्या एस.टी.शी जुळवाव्यात आणि ते वेळापत्रक मध्यवर्ती बसस्थानकाच्या फलकावर लावावे. चांदोली राष्ट्रीय उद्यानासाठी वारणावती गावाहूनही असाच प्रयोग करता येईल. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते, त्या काळात ही आखणी पूर्ण झाली तर पावसाळ्यानंतर फाटक उघडेल त्या दिवसापासून फेऱ्या सुरू होऊ शकतील.

आपला विश्वासू,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर